छपराचा कौल

(ऐरोली येथे भरलेल्या स्वयंसेवक व हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘वसतिगृहाच्या छपराविषयी’ एवढेच छापले आहे. धर्मशास्त्राच्या पदविकेला छप्पर या विषयाचा पेपर नव्हता, त्यामुळे हे ज्ञान मला सुतारांकडून, गवंड्यांकडून आणि पावसाकडून मिळाले आहे. पण आज या सभागृहातून उठण्यापूर्वी आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सगळी हकिगत आधी नीट मांडते.

कर्जत तालुक्यातले आपले मुलींचे वसतिगृह आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. साठ फूट लांब, चोवीस फूट रुंद, मंगळुरी कौलांची बैठी इमारत. ठाकूर आणि कातकरी समाजाच्या ४१ मुली तिथे राहून शिकतात. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या दोन खोल्या इतक्या गळल्या की त्या बंद कराव्या लागल्या. त्या खोल्यांतल्या मुली जेवणाच्या खोलीत झोपत होत्या. रात्री जेवणे उरकली की भांडी सरकवायची, फरशी पुसायची आणि अंथरुणे घालायची. दहावीच्या मुलींनी घमेली आणि बादल्यांच्या मध्ये बसून अभ्यास केला. दुसरा पावसाळा आपण त्यांना असा काढायला लावू शकत नाही, यावर आपले सर्वांचे एकमत आहे.

मतभेद आहे तो पुढे काय करायचे यावर. समितीतील काहींचे म्हणणे, कौले काढून रंगीत पत्रे टाका. काही म्हणतात, एकदाच काय तो स्लॅब टाका, कटकट संपवा. आणि काही म्हणतात, आहे तेच शाकारून घ्या. एका हितचिंतकांनी पत्र्यांचा संपूर्ण खर्च देऊ केला आहे. त्यांचे मन मोठे आहे. मात्र होकार या महिनाअखेरपर्यंत कळवा, असा त्यांचा निरोप आहे.

ऐरोलीकरांना हा प्रश्न नवा नाही. तुमच्यापैकी अनेकजण सिडकोच्या काळातल्या इमारतींत राहता. सोसायटीच्या सभेत दर वर्षी हाच वाद असतो. गच्चीला पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचे, वर पत्र्याची शेड टाकायची, की सरळ पुनर्विकासाला जायचे? तिथेही पाहा, ज्याच्या घरात प्लास्टर पडते त्याचे मत वेगळे आणि तळमजल्यावरच्याचे वेगळे. म्हणून मी आज मते मोजणार नाही. आधी छपराला विचारू या. आपल्या भाषेत ‘कौल’ म्हणजे छपरावरची मातीची खापरी, आणि ‘कौल’ म्हणजे निर्णयसुद्धा. छप्पर आपला कौल देत असते. तो ऐकायला मात्र वर चढावे लागते, खाली उभे राहून तो कळत नाही.

या कौलांची थोडी ओळख करून घेऊ. कोकणात आणि घाटाखाली पूर्वी दोनच छपरे होती, पेंढ्याची किंवा गवताची, आणि कुंभाराने चाकावर घडवलेल्या नळीच्या कौलांची. सपाट, खाचेत खाच बसणारी जी कौले आपण आज ‘मंगळुरी’ म्हणतो, ती मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात तयार होऊ लागली. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्याने नेत्रावती नदीकाठची चिकणमाती पारखून हा उद्योग उभा केला. त्या कारखान्याच्या कौलांवर १८६५ हे साल उमटवलेले असे. धर्मांतरामुळे ज्यांचा जातीतला रोजगार तुटला होता अशा लोकांना हाताला काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. पाहता पाहता इतरांनीही कारखाने काढले, आणि गलबतांतून, पुढे रेल्वेने, ही कौले मुंबईपर्यंत आणि सगळ्या किनारपट्टीवर पोचली. शाळा, स्टेशने, चर्च, चाळी, सरकारी बंगले, सगळीकडे हेच छप्पर. ऐरोलीच्या जुन्या गावठाणातली घरेसुद्धा इमारती होण्याआधी कौलारूच होती.

हे कौल इतके का पसरले? कारण ते हलके होते, एकसारखे होते, आणि तुटले तर एकच बदलता येत होते. शेवटचा गुण विसरू नका, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गळते ते कौल, पण मरते ते लाकूड. नीट भाजलेले चांगले कौल शंभर वर्षे सहज टिकते. त्याच्याखालच्या रिपा आणि वासे तेवढे टिकत नाहीत. ही फक्त आपल्याकडची कथा नाही. हिमाचल प्रदेशात कांगड्याच्या बाजूला आणि तिकडे वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या पातळ फरशांनी घरे शाकारतात. तो दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण त्याला धरून ठेवणारे खिळे गंजतात, पट्ट्या कुजतात, आणि फरशा घसरू लागतात. मालक खालून बघतो आणि म्हणतो, दगड म्हातारा झाला. दगडाला काहीच झालेले नसते. तेव्हा दुरुस्ती की बदल, हे ठरवताना वर जे दिसते त्याचे वय विचारू नका. त्याला धरून काय आहे, ते विचारा.

जानेवारीत आम्ही गावातल्या जुन्या सुताराला घेऊन दीड दिवस हेच केले. काय काय पाहिले ते सांगते, कारण तुमच्यापैकी जे पाड्यांवर काम करतात त्यांना हे उपयोगी पडेल.

पहिले, आढे. इमारतीपासून पन्नास पावले लांब उभे राहून आढ्याची रेघ डोळ्यांनी मोजायची. ती सरळ असेल तर मुख्य लाकूड उभे आहे. मध्ये झोळ पडला असेल तर तुळई किंवा खांब दगा देतो आहे. आपली रेघ सरळ आहे.

दुसरे, कौल. हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर आत तडा आहे किंवा ते नीट भाजलेले नाही. वेगवेगळ्या जागची शंभर कौले आम्ही वाजवली. ऐंशीच्या वर खणखणीत निघाली.

तिसरे, वासे. वाशाचे मधले अंग बहुधा चांगले असते. तो कुजतो भिंतीवर टेकलेल्या टोकाला आणि वळचणीला, जिथे ओल साठते. तिथे दाभण टोचून पाहायचे. लाकूड निरोगी असेल तर दाभण अडते, कुजले असेल तर लोण्यात जावे तसे आत जाते. पूर्वेकडचे पाखे जवळजवळ निर्दोष निघाले. पश्चिमेच्या पाख्यावर एकतीस वाशांपैकी नऊ वाशांची टोके गेली आहेत. मोसमी वारा त्याच बाजूने पाऊस आणून आपटतो, त्यामुळे यात नवल नाही.

चौथे, रिपा. पश्चिमेच्या जवळपास सगळ्या रिपा वाकल्या आहेत. रीप वाकली की कौलांची खाच सुटते, फटीतून वाऱ्याबरोबर पाणी आत येते. म्हणजे तिथली कौले चांगली असूनही गळत होती.

पाचवे, भिंती. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसतात का, ते कोपऱ्याकोपऱ्यात पाहायचे. एका कोपऱ्यात सापडल्या. बाकी भिंती कोरड्या आहेत. पण त्या मातीच्या लेपात रचलेल्या विटांच्या भिंती आहेत, त्यांत काँक्रीटचा खांब एकही नाही. हे लक्षात ठेवा.

आणि एक सूचना. जिथे पाणी टपकते तिथेच वर कौल फुटले आहे असे समजू नका. पाणी रिपेवरून दोन-चार हात वाहत जाते आणि मग पडते. म्हणून भर पावसात आतल्या बाजूने खडूने खुणा करून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात त्या खुणेच्या वरच्या अंगाला शोध घ्यायचा. आमच्या मुलींनी जुलैत केलेल्या खुणांमुळेच सुताराचा अर्धा दिवस वाचला.

आता तीन पर्याय एकेक करून पाहू.

स्लॅब. ऐकायला सगळ्यात भारदस्त. पण हिशेब करा. आपल्या छपरावर साधारण तीन हजार कौले बसतात. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून सात-साडेसात टन. त्याच इमारतीवर पाच इंचांचा स्लॅब टाकला तर त्याचे वजन चाळीस टनांच्या वर जाते. मातीत रचलेल्या भिंतींवर हे ओझे ठेवता येणार नाही. म्हणजे स्लॅब टाकायचा तर पाया, खांब, तुळया, सगळे नव्याने. ते छप्पर बदलणे नव्हे, वसतिगृह पाडून दुसरे बांधणे आहे. कधी तरी तेही करावे लागेल, पण ते या वर्षीच्या गळतीचे उत्तर नाही. आणि स्लॅब गळत नाही, असे ऐरोलीत उभे राहून मी सांगितले तर तुम्हीच हसाल.

पत्रा. याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडते. तो झटपट बसतो, वाशांवर भार टाकत नाही, वानरांनी उड्या मारल्या तरी फुटत नाही, आणि देणगी तयार आहे. पण त्याखाली दुपार कशी जाते ते एप्रिलमध्ये पाड्यावरच्या कुठल्याही पत्र्याच्या घरात बसून पाहा. काही घरांत लोक पत्र्यावर पेंढा टाकतात, तेव्हा कुठे आत बसवते. पावसाचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो पत्र्यावर कोसळू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. संध्याकाळच्या अभ्यासवर्गात बाईंनी शिकवायचे कसे? खाली चांगले अस्तर आणि माळा केला तर उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात, पण देऊ केलेल्या रकमेत ते धरलेले नाही.

आणि वारा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनपासून आत किती घरांची छपरे गेली, ते आपल्या मदतपथकांनी पाहिले आहे. कौलेही उडाली, फुटली, यात शंका नाही. पण कौलाचे घर उघडे पडले तेव्हा लोकांनी पडलेली कौले वेचली, जेवढी शाबूत होती तेवढी एका खोलीवर बसवली आणि त्या खोलीत संसार हलवला. उडालेला पत्रा पिळवटलेला असतो, तो परत बसत नाही. शिवाय उडता पत्रा जिवावर बेततो. पत्रा टाकायचाच असेल तर तो हूक-बोल्टने चौकटीला आणि चौकट भिंतीला बांधलेली हवी. नुसत्या खिळ्यांवर आणि वर ठेवलेल्या दगडांवर भरवसा नको.

सिमेंटच्या पत्र्याविषयी एकच वाक्य सांगते. त्यात ॲस्बेस्टॉस असते, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण होते, आणि मुलांच्या डोक्यावर आपण ते नव्याने घालायचे नाही. जिथे आधीच आहे तिथे ते कापू नका, भोके पाडू नका, आणि त्यावर पाय देऊन चढू तर अजिबात नका. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली अचानक तुटतो.

राहिला तिसरा पर्याय, शाकारणी. पण शाकारणी म्हणजे चार फुटकी कौले बदलून वर ताडपत्री अंथरणे नव्हे. ताडपत्री हे एका पावसाचे औषध. फटींवर सिमेंट थापणे हेही नव्हे. सिमेंटने कौले एकमेकांना चिकटतात, उन्हात तडकतात, आणि मग एक बदलायला गेले की पाच फुटतात. कौलाचा जो मोठा गुण, एकच बदलता येणे, तोच आपण मारून टाकतो.

आमचा आणि सुताराचा विचार असा आहे. पश्चिमेचे पाखे पूर्ण उतरवायचे. नऊ वाशांची टोके कापून तिथे नवे लाकूड जोडायचे, जे जोडण्याजोगे नाहीत ते बदलायचे. सगळ्या रिपा नव्या. वाळवीच्या कोपऱ्यात औषध. उतरवलेल्या कौलांतली खणखणीत निवडून, शेवाळ घासून, ती पूर्वेच्या पाख्यावरच्या खराब जागी वापरायची, आणि पश्चिमेला एकाच कारखान्याची नवी कौले घालायची. असे का? कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. नवी-जुनी मिसळली की पुन्हा गळते. एक पाखे जुने, एक पाखे नवे, हा हिशेब सरळ. उरलेली दोनशे जुनी कौले पडवीत रचून ठेवायची. वानरे येणारच, कौले फुटणारच. हाताशी त्याच जातीचे कौल असले तर तासाभराचे काम, नसले तर पावसाळाभर बादली.

कुणी विचारेल, मग बदलायचे कधी? माझा ठोकताळा सांगते. वाशांपैकी एक तृतीयांशापेक्षा अधिक गेले असतील, किंवा आढे वा तुळई वाकली असेल, किंवा भिंत फुगली असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. सगळे छप्पर उतरवावे, लोखंडी किंवा लाकडी नवी चौकट करावी, आणि चांगली कौले त्याच चौकटीवर परत चढवावीत. लोखंडाला वाळवी लागत नाही, पण रंग वेळेवर लावला नाही तर गंज लागतो. आपले छप्पर त्या टोकाला गेलेले नाही. अजून दोन पावसाळे आपण हात बांधून बसलो तर मात्र नक्की जाईल.

इथे माझ्याच म्हणण्याला एक आडवा प्रश्न विचारते, कारण तुमच्यातले पाड्यांवर जाणारे कार्यकर्ते तो विचारणारच. ताई, तुम्ही वसतिगृहावर कौले ठेवायला सांगता, आणि पाड्यावरचे लोक तर कौले काढून पत्रे टाकतात. ते काय चुकतात?

नाही. ते चुकत नाहीत. कातकरी कुटुंबाचे वर्ष कसे जाते ते पाहा. दिवाळी झाली की अख्खे घर वीटभट्टीवर जाते, आणि परत येते ते पावसाच्या तोंडावर. शाकारणीचा हंगाम नेमका फाल्गुन ते वैशाख. ज्या महिन्यांत छपरावर चढायचे, त्या महिन्यांत घरात कुणी नसते. वासे-रिपांना लागणारे लाकूड जंगलातून आणायची पूर्वीसारखी मोकळीक नाही, विकत घ्यायची ऐपत नाही. जी माणसे दुसऱ्यांच्या घरांसाठी सहा-सहा महिने विटा पाडतात, त्यांना स्वतःचे छप्पर शाकारायला सहा दिवस मिळत नाहीत. अशा घराला वर्षाकाठी हात न मागणारे छप्पर हवे असते. पत्रा त्यांनी समजून-उमजून निवडलेला आहे. आपण शहरातून जाऊन कौलाचे सौंदर्य त्यांना सांगू नये.

त्यांच्यासाठी आपले काम वेगळे आहे. घरकुलाचा हक्क मिळवून देणे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले आहे. शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस मिळतात. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तिन्ही अतिमागास आदिम जमातींसाठी घरामागे २ लाख रुपये आहेत. पण जातीचा दाखला नाही, आधारकार्डावरचे नाव वेगळे, बँक खाते बंद, घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर, अशा एकेका कागदापायी ती घरे अडतात. हप्ता येतो तेव्हा कुटुंब भट्टीवर असते. तिथे आपला कार्यकर्ता हवा. छपराच्या कामातले हे सर्वांत मोठे काम आहे, आणि ते जमिनीवर बसून करायचे आहे.

मग वसतिगृहाला वेगळा न्याय का? कारण तिथे वर्षभर माणसे आहेत. अधीक्षक आहेत, समिती आहे, गावात सुतार आहे, मे महिन्यात रिकामी इमारत आहे. घराला जे परवडत नाही ते संस्थेला परवडते. म्हणून मी दोनच प्रश्न विचारायला सांगते. पहिला, छपराला धरून आहे ते किती शाबूत आहे? दुसरा, पुढची वीस वर्षे दर उन्हाळ्यात त्यावर कोण चढणार? पहिल्याचे उत्तर दुरुस्तीकडे जात असेल पण दुसऱ्याला उत्तरच नसेल, तर दुरुस्ती करू नका. चांगले छप्परसुद्धा बेवारस राहिले तर पडते.

पवित्र शास्त्रात, २ राजे या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात, योआश राजाची गोष्ट आहे. मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे गोळा करायला त्याने याजकांना सांगितले होते. पैसे येत राहिले, वर्षे गेली, राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले, तरी दुरुस्ती झालेली नव्हती. याजक लबाड होते असे शास्त्र म्हणत नाही. पण दुरुस्तीचे पैसे आणि बाकीचे पैसे एकाच हातात होते, आणि दुरुस्ती ही कुणा एकाची जबाबदारी नव्हती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की दोघांनी मिळून मोजायचे आणि रक्कम थेट सुतार-गवंड्यांवर देखरेख करणाऱ्यांच्या हाती द्यायची. त्या पैशातून चांदीची भांडीही करायची नाहीत. फक्त लाकूड, घडीव दगड आणि मजुरी.

मला या गोष्टीतली ती पेटी फार आवडते. नवे काही उभे करायला देणगी मिळते. नव्या छपराखाली नावाची पाटी लागते, बदललेल्या रिपेवर कुणाची पाटी लागत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी वेगळी पेटी लागते, वेगळा हिशेब लागतो आणि नाव घेऊन नेमलेली माणसे लागतात.

तेव्हा या सभेपुढे माझे प्रस्ताव असे आहेत.

एक, वसतिगृहाचे छप्पर वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करावे. परीक्षा संपून मुली घरी गेल्या की मेच्या पहिल्या आठवड्यात पाखे उतरवायचे आणि मृगाच्या आधी काम पुरे करायचे. आपल्या हाती जेमतेम पाच आठवडे आहेत, मध्ये वळीव येणारच, म्हणून लाकूड आणि कौले एप्रिलअखेर आवारात येऊन पडली पाहिजेत.

दोन, किमान तीन जणांकडून दरपत्रके मागवावीत, आणि तिघांनाही एकच यादी द्यावी. लाकूड किती घनफूट, रिपा किती, कौले किती, उतरवणे-चढवणे, परात बांधणे, राडारोडा हलवणे. नाही तर स्वस्त दिसते ते अर्धवट असते.

तीन, पत्र्यांसाठी रक्कम देऊ करणाऱ्या हितचिंतकांना मी आणि समितीचे दोन सदस्य जाऊन भेटू. त्यांना सुताराची पाहणी दाखवू आणि तीच रक्कम लाकूड, कौले आणि देखभाल निधीसाठी देण्याची विनंती करू. त्यांना ते मान्य नसेल तर त्यांचे आभार मानून ती देणगी आपण सोडू. हे बोलणे सोपे नाही, मला माहीत आहे. आपल्याकडे पैसे उरलेले नाहीत. तसे झाले तर ही रक्कम आपल्याला इथूनच, या खुर्च्यांवरूनच उभी करावी लागेल. हात वर करताना प्रत्येकाने हे मनाशी धरावे.

चार, छपरासाठी वेगळा देखभाल निधी असावा. वसतिगृहाच्या वार्षिक खर्चातून ठरावीक भाग त्यात जावा, आणि तो धान्य, पुस्तके, सहल, कशासाठीही वळवू नये.

पाच, गावातल्या दोन तरुणांनी या मे महिन्यात सुताराच्या हाताखाली काम शिकावे आणि त्यांना रोजची पूर्ण मजुरी मिळावी. म्हातारा सुतार कायम राहणार नाही. पुढच्या शाकारण्या त्यांच्या हातून व्हाव्यात. वर चढताना शिडी, वाशावरच पाय पडेल अशी फळी आणि कमरेला दोर सक्तीचा. एकट्याने कुणी चढायचे नाही, आणि मुलींना तर कौल सारायलासुद्धा वर पाठवायचे नाही.

मुलींसाठी एकच काम ठेवले आहे. पुढच्या जुलैत त्या पुन्हा खडू घेऊन फिरतील. ज्या खोलीत एकही खूण करावी लागणार नाही, त्या खोलीच्या दारावर तारीख लिहितील. ती यादी मी पुढच्या अंकासाठी पाठवीन, खुणा कमी असोत वा जास्त.

आता अध्यक्षांनी प्रस्ताव मतास टाकावेत, अशी मी विनंती करते. प्रभू आपणा सर्वांना आणि त्या छपराखालच्या लेकरांना सुखरूप ठेवो.